करामातल्या फ्लॅटमधला लंडन रेडिओ

पाडव्याचा कार्यक्रम रद्द झाल्याचं कळलं तेव्हा आमच्या इमारतीतल्या बायकांनी दोन मिनिटं हळहळ केली आणि तिसऱ्या मिनिटाला जेवायला काय करायचं याची चर्चा सुरू केली. माझा या पद्धतीवर विश्वास आहे.

दुबई, साल दोन हजार नऊ. एरवी पाडव्यानंतरच्या शुक्रवारी मंडळातर्फे पुण्याहून नाटक यायचं, हॉल घेतला जायचा, दागिनेवाले आणि बिल्डर जाहिराती द्यायचे. त्या वर्षी बिल्डर फोनच उचलत नव्हते. आमच्या खालच्या सुपरमार्केटच्या फळ्यावर पूर्वी ट्यूशनच्या चिठ्ठ्या असायच्या, त्या जागी आता ‘फॅमिली लीव्हिंग, अर्जंट सेल’ अशा चिठ्ठ्यांची दाटी झाली होती. रोज एक नवा सोफा. अशाच एका निघालेल्या कुटुंबाकडून मी कॅरिओकेचा सेट घेतला होता: माइक, अँप्लिफायर आणि एक दणदणीत स्पीकर. कशाला घेतला ते माहीत नव्हतं, पण चांगल्या स्थितीतली वस्तू मी सोडत नाही.

आमच्याही घरात मंदी शिरली होती. नवरा एका बांधकाम कंपनीत प्लॅनिंग इंजिनिअर. जानेवारीत त्यांचा टॉवर पाचव्या मजल्यावर थांबला आणि मार्चमध्ये त्याला नोटीस मिळाली. एप्रिलअखेर नोकरी संपणार, व्हिसा रद्द होणार आणि मग महिनाभरात दुसरी नोकरी नाही मिळाली तर खलास. मुलीची शाळा, फ्लॅट, इथला बारा वर्षांचा संसार, सगळं खोक्यांत भरून पुण्याला. आशा एकाच ठिकाणी होती. लंडनच्या एका कन्सल्टन्सीला रुवैसच्या रिफायनरीच्या कामासाठी माणूस हवा होता. पहिली फेरी पार पडली होती. दुसरी आणि शेवटची मुलाखत त्यांचा मोठा साहेब फोनवर घेणार होता.

हे सासऱ्यांना सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं. ते हिवाळ्यापासून आमच्याकडे होते आणि अजून महिनाभर राहणार होते. बाबांना सगळं सोसत होतं, पण आपण कुणाला जड होतोय ही शंका सोसत नव्हती. मुलाची नोकरी जातेय हे कळलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी बॅग भरली असती. सासूबाई गेल्यापासून पुण्याच्या घरी ते एकटेच असत, डबा लावून जेवत. मला ते इथेच हवे होते. म्हणून नवरा सुटी शिल्लक आहे असं सांगून चार वाजता घरी यायचा आणि बाबा म्हणायचे, “छान कंपनी आहे तुझी.”

तर कार्यक्रमाचं काय करायचं, हा विषय आमच्या जेवणाच्या टेबलावर निघाला. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी डबा परत द्यायला आल्या होत्या आणि अर्ध्या तासापासून निघतच होत्या.

“अंताक्षरी खेळू,” त्या म्हणाल्या.

“गेल्या वर्षी अंताक्षरीत भांडणं झाली,” मी म्हटलं.

“तेवढीच करमणूक.”

बाबा ताक पीत होते. पेला खाली ठेवून म्हणाले, “रेडिओ करू या का?”

तरुणपणी, पन्नासच्या दशकात, बाबा इंग्लंडमधल्या एका कारखान्यात उमेदवारी करत होते. एका विधवा बाईंच्या घरी खोली घेऊन राहायचे. त्या बाईंच्या स्वयंपाकघरात लाकडी पेटीएवढा रेडिओ होता आणि त्या घरातलं सगळं रेडिओवर चालायचं. सकाळच्या हवामानावर छत्री घ्यायची की नाही ते ठरायचं. बातम्यांआधी वेळेच्या टिप टिप वाजल्या की बाई भिंतीवरचं घड्याळ लावायच्या. दुपारी लहान मुलांची गोष्ट लागली की शेजारणीची पोरं येऊन बसायची. संध्याकाळी शेतकरी कुटुंबाची मालिका असायची, तेव्हा घरात कुणी काटाचमचासुद्धा वाजवायचा नाही. मग जहाजांसाठी समुद्राचं हवामान, आणि शेवटी राष्ट्रगीत. बाई राष्ट्रगीताला एकट्याच उभ्या राहायच्या, झोपायच्या कपड्यांत. भाडेकरू म्हणून बाबाही उभे राहायचे.

“तो अख्खा दिवस मला पाठ आहे,” बाबा म्हणाले. “बेडरूममध्ये स्टुडिओ करायचा, हॉलमध्ये श्रोते. कुणी कुणाला दिसायचं नाही. फक्त ऐकायचं.”

मुलगी तेव्हा बारा वर्षांची. तिने प्लेटमधून मान वर न करता विचारलं, “सो पीपल विल जस्ट सिट अँड लुक अॅट अ स्पीकर?”

“हो.”

“दॅट्स सो वीअर्ड. कॅन आय डू द बीप्स?”

बीप्सचं खातं तिला मिळालं. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच असा रेडिओचा दिवस बसवायचा ठरला आणि मी फ्रिजवर तक्ता लावला. वेळ, कार्यक्रम, कोण, लागणारं सामान. नाटकासाठी नारळाच्या करवंट्या (घोडा), परात आणि तांदूळ (पाऊस). घरातली सगळी मिंकची ब्लँकेटं बेडरूमच्या भिंतींना आणि कपाटाला टांगायची, म्हणजे आवाज घुमणार नाही. गाद्या दाराला. सगळ्यांचे मोबाइल स्वयंपाकघरातल्या मोठ्या पातेल्यात, कारण स्पीकरजवळ मोबाइल आला की त्यातून ‘टक-टक-टर्रर्र’ यायचं. जुम्म्याची अजान आणि प्रवचन समोरच्या मशिदीतून थेट आमच्या खिडकीत यायचं, तेवढ्या वेळात सरबत. दोन वाजता जेवण.

त्याच शुक्रवारी मुलाखत निघाली. तिकडे शुक्रवारी कामाचा दिवस, आपल्याकडे सुटी असते हे त्यांच्या गावीही नसावं. मेलमध्ये लिहिलं होतं, लंडनचे सकाळचे दहा. लंडन आपल्या चार तास मागे, म्हणजे आपले दोन. मी तक्ता पाहिला आणि खूश झाले. दोनला सगळे जेवायला बसणार, नवरा गुपचूप खाली जाऊन गाडीत बसून बोलणार. सुईत दोरा ओवल्यासारखं बसलं होतं.

“टायचं काय?” नवऱ्याने विचारलं. फोनवरच्या मुलाखतीलासुद्धा टाय घातल्याशिवाय त्याला बोलता येत नाही. पण सुटीच्या दिवशी, घरच्या कार्यक्रमात टाय घातला की बाबा विचारणार.

तो प्रश्न बाबांनीच सोडवला. ते म्हणाले, त्यांच्या घरमालकीणबाई सांगायच्या, की पूर्वी लंडनचे निवेदक रेडिओवर बोलतानासुद्धा पार्टीचा काळा कोट घालायचे. बघणारं कुणी नाही, तरी. “आवाजात कपडे ऐकू येतात,” असं त्या बाईंचं म्हणणं होतं. म्हणून स्टुडिओत जाणाऱ्या प्रत्येकाने नीट कपडे करायचे असा हुकूम निघाला. नवऱ्याने इतक्या आनंदाने टाय बांधला की बाबा म्हणाले, “याला नाटकाची आवड आहे, मला माहीतच नव्हतं.”

सगळ्यात महत्त्वाचा होता लाल दिवा. स्टुडिओच्या दारावर लाल दिवा लागला की आत माइक चालू. मग दार उघडायचं नाही, बोलायचं नाही, खुर्ची सरकवायची नाही. मी सतवा भागातल्या एका दुकानातून पाच दिरहमचा लाल बल्ब आणला. बाबांनी लगेच, “म्हणजे सत्तर रुपये! दिव्याला?” असं म्हणून दाखवलं आणि मग तो स्वतः स्टुलावर चढून दारावर लावला.

शुक्रवारी दहाच्या आत हॉल भरला. सतरंज्यांवर बायका-मुलं, भिंतीला टेकून पुरुष, समोर टीपॉयवर स्पीकर. सुरुवातीला सगळे अवघडलेले. कुठे बघायचं ते कळेना. वहिनींनी स्पीकरला हळदकुंकू लावलं तेव्हा वातावरण जरा सैल झालं.

आत बाबा निळ्या ब्लेझरमध्ये, बटण लागत नसलं तरी. नवरा अँप्लिफायरपाशी. मुलगी कॅसिओच्या कीबोर्डवर बोट ठेवून.

“सहा. सहाही सारख्या लांबीच्या,” बाबा तिला म्हणाले. “शेवटची लांब असते ती नंतर सुरू झाली.”

“आजोबा, व्हॉट इफ आय डू सेव्हन?”

“मग अख्ख्या लंडनची घड्याळं चुकतील.”

ती चुकली नाही. सहा टिप टिप, आणि मग बाबांचा आवाज. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. रोज माझ्याशी भाजीवर वाद घालणारा आवाज हा नव्हता. सावकाश, स्वच्छ, कुणाच्याही घरात अदबीने येऊन बसेल असा आवाज.

“नमस्कार. आता आखातातील हवामान. शारजा: वाहतूक तुंबलेली, संध्याकाळी आणखी तुंबेल. देरा: गर्दी, मधूनमधून सोन्याच्या दुकानात थांबण्याचा धोका. करामा: पार्किंग दुर्मीळ. अल ऐन: शांत. फारच शांत. रुवैस: वारा, धूळ, पुढचं दिसत नाही.”

हॉल खदखदला, आणि लाल दिव्याकडे बघून सगळ्यांनी पदर, रुमाल, जे हाताला येईल ते तोंडात कोंबलं. तिथून दिवस रुळावर आला. कामगारांसाठी संगीत झालं, त्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी तबला वाजवला. गृहिणींसाठी सल्ला झाला, त्यात वहिनींनी मंदीत कोंडा न टाकता त्याचं काय करावं ते सांगितलं, आणि शेवटी आपल्या सासूबद्दल दोन वाक्यं घातली, जी मी तक्त्यात लिहिलेली नव्हती. अजान झाली, प्रवचन झालं, सरबत झालं. सगळं वेळेत. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

मग नाटक. मुलगी करवंट्या आपटत होती, बाबा ऐंशीच्या घरातले असून तरुण सरदार झाले होते, वहिनी गढीच्या दारात वाट बघत होत्या. घोडा अगदी दारात आला आणि स्पीकरमधून आवाज आला:

टक-टक-टर्रर्र.

हॉलमधल्या सगळ्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. मी पातेल्याकडे पाहिलं. पातेलं शांत होतं. म्हणजे मोबाइल स्टुडिओत होता, आणि स्टुडिओत मोबाइल ठेवायची परवानगी मी एकालाच दिली होती.

आत काय झालं ते मला नंतर कळलं. नवऱ्याने खिशातून फोन काढला तर पडद्यावर लंडनचा नंबर थरथरत होता. एक वाजला होता. त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला. बाबांनी नंबर पाहिला, मुलाचा चेहरा पाहिला, टाय पाहिला. आणि काहीही न विचारता माइकमध्ये म्हणाले, “श्रोतेहो, आता मध्यंतर.” मग अँप्लिफायर बंद केला, वहिनींना आणि नातीला हाताला धरून बाहेर काढलं, दार ओढून घेतलं. लाल दिवा तसाच चालू ठेवला.

हॉलमध्ये येऊन त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि दिव्याकडे हात केला.

माझं पहिलं लक्ष स्पीकरकडे. त्याचा हिरवा ठिपका विझलेला होता. बाबा चुकणारे नव्हते.

आता एक सांगते. मराठी माणसं वीस-पंचवीस, दुपारची भुकेलेली, एका खोलीत, गप्प. असं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. करामातल्या भिंती म्हणजे पुठ्ठा. ब्लँकेटं टांगली होती तरी हॉलमध्ये कुणी शिंकलं तर आत गेलं असतं. सुरुवातीला लोकांना वाटलं हासुद्धा कार्यक्रमाचा भाग. मग आतून नवऱ्याचं अस्पष्ट इंग्रजी पुटपुटणं आलं, “येस सर, द क्रिटिकल पाथ,” आणि एकेकाचा चेहरा बदलत गेला. त्या वर्षी मुलाखतीचा आवाज ओळखायला कुणाला शिकवावं लागत नव्हतं. तबलेवाल्या काकांनी दोन महिन्यांपूर्वी स्वतः अशीच एक दिली होती, बाथरूममध्ये बसून. त्यांनी तबल्यावर उशी ठेवली.

तेवढ्यात कुकर. मसालेभाताच्या कुकरने फुस्स करायला सुरुवात केली, म्हणजे शिट्टी आता येणार. मी धावत जाऊन गॅस बंद केला आणि शिट्टीवर ओला नॅपकिन धरला. हात भाजला. कुकर माझ्याकडे बघत धुमसत राहिला.

लगेच दाराची बेल. ती वाजूनच गेली. अल ऐनहून येणारं कुटुंब, ठरल्याप्रमाणे उशिरा. दार उघडलं तर नवऱ्याचा मित्र हात पसरून, “यल्ला यल्ला, चला, भूक लाग...” वहिनींनी त्याच्या तोंडावर हात ठेवला. ओळख फारशी नव्हती, तरी. बिचारा केकचा डबा घेऊन चपलांच्या ढिगात उभा राहिला आणि वहिनींनी त्याच्या कानात सांगितलं, “लाल दिवा आहे भाऊजी. हलू नका.”

मी पुन्हा कुकरपाशी गेले, तर बाबा माझ्यामागे स्वयंपाकघरात आले. दार लोटलं.

“कोण आहे फोनवर?”

“लंडनची कंपनी. रुवैसच्या कामासाठी.” लपवण्यात आता अर्थ नव्हता. “ह्याची नोकरी महिनाअखेर संपतेय, बाबा. ही एकच आशा आहे. पण फोन दोनला येणार होता. त्यांनी एक तास आधी कसा केला?”

“आधी नाही केला. वेळेवर केलाय.” ते हलक्या आवाजात म्हणाले. “मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळं तासभर पुढे करतात, उन्हाळ्यासाठी. आता फरक तीनच तासांचा. घरमालकीणबाई दर वर्षी विसरायच्या आणि चर्चला उशिरा पोचायच्या. मला विचारलं असतंस तर.”

मी पुणे ते दुबई सगळ्यांच्या वाढदिवसांचं कॅलेंडर ठेवते, व्हिसांच्या तारखा तोंडपाठ सांगते. आणि लंडनच्या वेळेचा प्रश्न मी घरातल्या त्या एकाच माणसापासून लपवला होता, ज्याला लंडनची वेळ टिप-टिपसकट पाठ होती. हसू की रडू कळेना. हातावर नळ सोडला.

“मला का नाही सांगितलं?”

“तुम्ही बॅग भरली असती.”

त्यांनी थोडा विचार केला. “भरली असती,” ते म्हणाले. “अजूनही भरू शकतो. बॅग पलंगाखालीच आहे.”

“बाबा, पलंग स्टुडिओत आहे. आणि लाल दिवा चालू असताना कुणी जागा सोडत नाही. नियम तुमचाच.”

त्यांनी माझ्या हातातला नॅपकिन घेतला आणि कुकरच्या शिट्टीवर स्वतः धरून उभे राहिले. निळ्या ब्लेझरमध्ये.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. एका बाळाला तीन मांड्यांवरून फिरवून झालं. मुलीने तांदळाच्या परातीला हात लावू नये म्हणून स्वतःच्या हातांवर बसून घेतलं होतं. मग दार उघडलं आणि नवरा बाहेर आला, टाय सैल, कपाळावर घाम. पंचवीस माणसं त्याच्याकडे बघत होती आणि एकानेही “काय झालं?” विचारलं नाही. त्या वर्षी ती रीतच पडली होती.

त्याने वर हात करून लाल दिव्याचं बटण बंद केलं. “साहेब म्हणाला, तुमची लाइन फार क्लिअर आहे. इतकी शांत जागा कुठे मिळाली?”

“मग?” मी विचारलं.

“म्हटलं, स्टुडिओत आहे.”

एवढ्यावर जो आवाज फुटला, तो समोरच्या मशिदीपर्यंत गेला असणार. कुकरनेही त्याच वेळी उरलेली वाफ फुस्सकन सोडली. बाबांनी नॅपकिन काढला होता. वहिनी म्हणाल्या, “घोडा दारात तिष्ठतोय म्हटलं, सरदारांना आत घ्या, मग जेवू.” घोडा आत आला, लग्न लागलं, तांदळाचा पाऊस खोलीभर झाला. अल ऐनच्या मित्राने जेवताना मला विचारलं, “वहिनी, आमच्याकडे असा कार्यक्रम करता येईल का? म्हणजे, आमच्याकडे शांतता तयार आहे.”

साहेबाने “कळवतो” एवढंच म्हटलं होतं. नोकरी मिळाली की नाही हे त्या दिवशी कुणालाच माहीत नव्हतं. पण आता बाबांना सगळं माहीत होतं, आणि पाच वाजता शेवटचं हवामान सांगायला ते आत गेले तेव्हा मी हातातली भांडी खाली ठेवली.

“शारजा: तुंबलेलंच. देरा: दुकानं उघडली, जपून. करामा: पार्किंग दुर्मीळ. अल ऐन: पोट भरलेलं, परतीच्या वाटेवर झोप येण्याची शक्यता.” मग ते थांबले. रेडिओवर थांबायचं नसतं असं त्यांनीच सगळ्यांना बजावलं होतं. “रुवैस: सध्या सांगता येत नाही. लक्ष ठेवून आहोत. केंद्राचा निवेदक अंदाज कळेपर्यंत जागा सोडणार नाही.”

मुलीने सहा टिप टिप दिल्या. आम्ही सगळे उठून उभे राहिलो, का ते ठाऊक नाही. बहुधा त्या बाईंसाठी.

बॅग पलंगाखालीच राहिली. दोन आठवड्यांनी मेल आला. नवऱ्याने तो मोठ्याने वाचला आणि बाबांनी फक्त एवढंच म्हटलं, “रुवैस: निवळत आहे.” मुलीने मान वर न करता विचारलं, “सो वी आर नॉट लीव्हिंग?” आणि आम्ही नाही म्हटल्यावर दार लावून घेतलं. आतून कीबोर्डचा आवाज आला. सात वेळा, मुद्दाम.

रुवैस करामापासून साडेतीन-चार तासांवर. नवरा आठवडाभर तिकडे राहायचा आणि गुरुवारी संध्याकाळी निघायचा. बाबा ठरल्या दिवशी, ठरल्या विमानाने पुण्याला गेले, पण हवामान खातं त्यांनी सोडलं नाही. दर गुरुवारी तो गाडीत बसायच्या आधी त्याचा फोन वाजायचा आणि पुण्याच्या घरातून स्वच्छ, सावकाश आवाज यायचा: वारा किती, रस्ता कसा, शारजाचं काय. हे सगळं ते कुठून काढायचे देव जाणे. बऱ्याचदा चुकायचंही.

करामाबद्दल मात्र त्यांचा अंदाज एकदाही चुकला नाही. नवरा घराखाली पोचल्यावर फोन करायचा आणि मी ताट वाढायला घ्यायची नाही. अजून अर्धा तास तो गोल फिरणार, हे मला माहीत असायचं.